मादागास्कर: देश गरीब, पण प्रवास स्वस्त नाही, सॅक पाठीवर टाकण्याआधी हा हिशेब पाहा

गरीब देश म्हणजे स्वस्त प्रवास, असं गणित अनेकजण मांडतात. आफ्रिकेच्या पूर्वेला हिंदी महासागरात असलेला मादागास्कर हे गणित चुकवतो. जगातलं हे चौथ्या क्रमांकाचं मोठं बेट महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट आहे. लोकसंख्या ३ कोटींच्या आसपास, त्यातले बहुसंख्य दारिद्र्यरेषेखाली. जेवण आणि साधी खोली स्वस्त मिळते. पण रस्ते खराब आणि अंतरं मोठी, त्यामुळे पैसा जातो तो वाहनावर आणि वाया जाणाऱ्या दिवसांवर. म्हणून कुठे वाचवायचं आणि कुठे नाही, हे निघण्याआधीच ठरवावं लागतं.

कधी आणि कसं जावं?

मॉरिशस, नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे राजधानी अंतानानारिव्हो गाठता येते. आफ्रिकेतून जाणार असाल तर यलो फीवरची लस किमान १० दिवस आधी घ्यावी. परतताना भारतातही तिचं पिवळं कार्ड मागितलं जाऊ शकतं. ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, गल्लीतल्या दवाखान्यात नाही. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावं.

एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम. जानेवारी ते मार्चमध्ये चक्रीवादळं येतात आणि रस्ते बंद पडतात. जून-जुलैत मधल्या पठारावर रात्री चांगलीच थंडी असते, स्वेटर लागतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये वीज-पाणीटंचाईविरुद्धच्या तरुणांच्या आंदोलनानंतर तिथे लष्कराने सत्ता हाती घेतली. त्यामुळे तिकीट काढण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहाव्यात.

पैशांचा हिशेब

चलन एरियारी. एका रुपयाला साधारण ५० एरियारी धरले तर हिशेब सोपा जातो. हे चलन देशाबाहेर मिळत नाही, म्हणून युरो किंवा डॉलर नेऊन तिथे बदलावेत. एटीएम शहरांपुरतेच. सगळ्यात मोठी नोट २० हजारांची, म्हणजे आपले सुमारे ४०० रुपये. त्यामुळे थोडे पैसे काढले तरी नोटांचा गठ्ठा होतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २००५ मध्ये जुना फ्रँक गेला आणि एरियारी आला, तरी काही लोक अजून भाव फ्रँकमध्येच सांगतात. १ एरियारी म्हणजे ५ फ्रँक. भाव ऐकून दचकण्याआधी 'एरियारी की फ्रँक?' हे विचारून घ्यावं.

टॅक्सी-ब्रूस: खिशाला परवडणारी गाडी

ड्रायव्हरसह भाड्याने घेतलेली जीप हा तिथला सगळ्यात मोठा खर्च. तो वाचवायचा तर टॅक्सी-ब्रूस, म्हणजे आपल्याकडच्या वडापसारखी गाडी. भरल्याशिवाय ती सुटत नाही. टपावर पोती, सायकली, कोंबड्या. राजधानीतून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांच्या जुन्या स्टँडचं नाव फासानी काराना, म्हणजे 'भारतीयांचं कब्रस्तान'. काराना हे तिथे पिढ्यानपिढ्या व्यापार करणाऱ्या गुजराती वंशाच्या लोकांचं नाव.

बहुतेक प्रवासी राष्ट्रीय मार्ग ७ धरतात. अंतानानारिव्हो, अंतसिराबे, फियानारांत्सोआ आणि पुढे समुद्रकाठचं तुलेआर, असा हा साडेनऊशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. एका दमात तो संपवण्यापेक्षा टप्पे पाडावेत. फियानारांत्सोआ ते मानाकारा ही १६३ किलोमीटरची जुनी रेल्वे देखणी आहे, पण वेळापत्रकावर विसंबून परतीचं विमान ठरवू नये.

पोटापाण्याचं

'होतेली' म्हणजे राहायचं हॉटेल नव्हे, खानावळ. ताटात भाताचा डोंगर, बाजूला थोडं कालवण. शाकाहारी माणसाने घेवड्याचे दाणे मागावेत. सकाळी मिळणारा 'मोफो गासी' हा तांदळाच्या पिठाचा गोड पाव आप्पेपात्रासारख्या साच्यात भाजतात. भाताच्या करपलेल्या खरपुडीत पाणी उकळून केलेलं 'रानोवोला' जेवणाबरोबर देतात. नळाचं पाणी मात्र टाळावं.

इथे वाचवू नका

पहिलं, रात्रीचा प्रवास. एका रात्रीचं खोलीभाडं वाचतं, पण अपघात आणि महामार्गावरच्या लुटारूंचा धोका वाढतो. दुसरं, मच्छरदाणी.

तिसरं, गाइड. राष्ट्रीय उद्यानांत स्थानिक गाइड घ्यावाच लागतो आणि त्याच्याशी फार घासाघीस करण्यात अर्थ नाही. अंबालावाओजवळचं आंजा हे छोटं अभयारण्य गावकरीच चालवतात. लांब पट्टेदार शेपटीचे लेमूर तिथे अगदी जवळून दिसतात. तिकिटाचा पैसा गावाच्या कामाला येतो, म्हणून गावकरी जंगल राखतात. या कामासाठी त्यांना २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तिथे वाचवलेले शंभर-दोनशे रुपये आपल्याला जाणवतही नाहीत, गावाला मात्र जाणवतात.

शेवटी, 'फादी' पाळावी. फादी म्हणजे गावागावाचे निषेध: कुठे ठरावीक मांस वर्ज्य, कुठे थडग्याकडे बोट दाखवणं वर्ज्य. गाइडला आधी विचारलं की काम भागतं. मुलांच्या हातात सुटे पैसे देऊ नयेत. त्यापेक्षा गावातच जेवावं, गावातच मुक्काम करावा आणि ठरलेले पैसे पूर्ण द्यावेत.