पावलांचा हिशेब



इतिहास म्हटला की राजे, तह आणि लढाया यांचीच अपेक्षा श्रोत्यांना असते, आणि या व्यासपीठावर त्या विषयांचे अधिकारी वक्ते अनेक येऊन गेले आहेत. आमचा तो अधिकार नाही. शाळा आम्ही नववीत सोडली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्याच्या प्रेस खात्यात, युनियनच्या कचेरीतल्या दोन कपाटांपुढे आणि लेबर कोर्टाच्या बाकांवर. म्हणून विषयही आम्ही अगदी पायाखालचा घेतला आहे. माणसाची पावले मोजण्याचा उद्योग कोणी, केव्हा आणि कशासाठी केला, एवढेच आज सांगावयाचे आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो तो योगायोगाने. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आमच्या रक्तात साखर वाढल्याचे सांगितले आणि आमच्या कन्येने आमच्या मनगटावर एक पट्टा बांधला. तो दिवसाची पावले मोजतो, नाडी मोजतो, आम्ही किती झोपलो हेही सांगतो. मोर्च्याच्या दिवशी आमचे अभिनंदन करतो आणि वाटाघाटीच्या दिवशी, बसून राहिल्याबद्दल, बोटाने टोचावे तसा थरथरतो. पुढे कन्या आम्हांला पहाटे मैदानावर धावावयास नेऊ लागली. छातीला आणखी एक पट्टा आला. आम्ही धावताना मिनिटाला किती पावले टाकतो, शरीर किती वरखाली होते, प्रत्येक पाय जमिनीवर किती वेळ राहतो, हे सारे त्याने मांडले. त्यात एक गोष्ट निघाली. आमचा डावा पाय उजव्यापेक्षा जमिनीवर अधिक काळ रेंगाळतो. आम्ही अकरा वर्षे प्रेसवर डाव्या पायावर उभे राहून उजव्या पायाने पेडल दाबले आहे. डॉक्टरांना विचारले, त्याचाच हा परिणाम का? ते म्हणाले, असेल, नसेलही. आम्हांला मात्र आमचे जुने हजेरीपुस्तकच कोणी पुढे उघडून ठेवल्यासारखे वाटले.

पावले मोजणे ही कल्पना फार जुनी आहे. अलेक्झांडरच्या सैन्याबरोबर अंतरासाठी पावले मोजणारी माणसे असत. टॉमस जेफर्सन यांनी १७८८ साली पॅरिसहून आपले मित्र जेम्स मॅडिसन यांना पावले मोजणारे एक यंत्र पाठविले आणि ते अंगावर कसे बसवावे याच्या सूचनाही लिहून धाडल्या. परंतु हा झाला मोठ्या लोकांचा छंद. ज्याच्या पायांनी खरोखर इतिहास घडविला तो मनुष्य आपल्याच देशातला, कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातील मिलम गावचा एक शाळामास्तर होता. त्याचे नाव नैनसिंग रावत.

त्या काळी तिबेटात परक्यांना मज्जाव होता, आणि इंग्रज सरकारच्या सर्व्हे खात्याला तर त्या मुलुखाचा नकाशा पाहिजे होता. साखळी टाकून जमीन मोजावी तर डोके जागेवर राहावयाचे नाही. तेव्हा कॅप्टन माँटगमरी यांनी डोंगरी भागातील माणसे निवडून त्यांना डेहराडून येथे शिकविले. शिक्षणाचा मुख्य भाग कोणता? चालणे! चढ असो, उतार असो, पाऊल सारख्याच लांबीचे पडले पाहिजे. दोन हजार पावलांचा एक मैल. मोजणी विसरू नये म्हणून हातात जपमाळ दिली. माळेत एकशेआठ मणी असावयाचे, ते शंभर केले. दर शंभर पावलांना एक मणी ओढावयाचा. माळ एकदा पुरी झाली की दहा हजार पावले, म्हणजे पाच मैल. काठीत थर्मामीटर, पेटीच्या चोरकप्प्यात सेक्स्टंट, आणि प्रार्थनाचक्रात मंत्राच्या ऐवजी टिपणांचे कागद. असा हा मास्तर यात्रेकरूच्या वेषात निघाला आणि जानेवारी १८६६ मध्ये ल्हासात पोचला. पहिल्याच प्रवासात त्याने सुमारे १२०० मैल, म्हणजे जवळजवळ पंचवीस लाख पावले मोजली. त्याचाच भाऊबंद किशनसिंग याला पुढच्या एका मोहिमेत दरोडेखोरांच्या भीतीने घोड्यावर बसावे लागले, तर त्याने घोड्याची पावले मोजली.

१८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने नैनसिंगांना सुवर्णपदक दिले. तो मान मोठाच. पण कामावर असताना हा मनुष्य कागदोपत्री नुसता ‘पंडित’ म्हणून वावरत होता, आणि मोजलेल्या पावलांतून तयार झालेला नकाशा सरकारच्या कपाटात गेला. गुप्त कामात नाव लपवावेच लागते, हे आम्ही जाणतो. तरीही पावले एकाची आणि हिशेब दुसऱ्याचा, या गोष्टीशी आमची पहिली गाठ येथे पडली.

नैनसिंग तिबेटात चालत होते त्यानंतर थोड्याच वर्षांत पॅरिसमध्ये एक शास्त्रज्ञ निराळ्याच कारणासाठी पावलांच्या मागे लागला होता. एतिएन-ज्यूल मारे याचे नाव सिनेमाच्या इतिहासात घेतात. आमच्या कामाचा त्याचा भाग त्याआधीचा आहे. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने धावणाऱ्या माणसाचे एक चित्र दिले आहे. त्या माणसाच्या बुटाच्या तळव्यात हवेची पोकळी आहे. पाय टेकला की हवा दाबली जाते आणि रबरी नळीतून तो दाब हातात धरलेल्या नोंदयंत्रापर्यंत पोचतो; तेथे फिरत्या कागदावर रेघ उमटते. शरीर किती वरखाली होते हे टिपण्यासाठी डोक्यावर आणखी एक उपकरण बसविलेले. पाय किती वेळ टेकला आणि देह किती उसळला, हेच तर आमच्या छातीचा पट्टा सांगतो! दीडशे वर्षांत यंत्र डोक्यावरून आणि हातातून निघून बोटभर झाले. प्रश्न मात्र तेच राहिले. पुढे मारे आणि त्याचा सहकारी दमनी यांनी सैनिकांच्या चालीचाही अभ्यास केला. शिपाई कमी थकून अधिक कसा चालेल, हे कोणत्याही सरकारला हवेच असते.

आणि शिपायानंतर पाळी आली कामगाराची.

फ्रेडरिक टेलर हे नाव कारखान्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असावे. अमेरिकेच्या बेथलहेम पोलाद कारखान्यात १८९९ साली बिडाच्या लगडी गाडीत भरणारे मजूर दिवसाला माणशी सुमारे साडेबारा टन माल चढवीत. टेलरसाहेबांनी स्टॉपवॉच काढले, केव्हा उचलावे, केव्हा चालावे आणि केव्हा बसावे हे ठरवून दिले, आणि एका निवडक मजुराकडून सत्तेचाळीस टन चढवून घेतले. त्याची मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट झाली. श्रोत्यांनी हिशेब घरी जाऊन करावा. काम पावणेचार पटींच्या घरात, आणि मजुरी दीडपटीहून थोडी अधिक. १९११ साली टेलर यांचे पुस्तक निघाले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बोस्टनजवळच्या वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्या एका कामगाराने घड्याळाखाली काम करण्यास नकार दिला. त्याला काढले, तेव्हा बाकीचे मोल्डर बाहेर पडले. संप आठवडाभराचाच, पण त्याची चौकशी अमेरिकेच्या काँग्रेसपर्यंत गेली. टेलर यांना समितीपुढे साक्ष द्यावी लागली. १९१५ पासून सरकारी शस्त्रागारांत स्टॉपवॉचसाठी पैसा खर्च करण्यास बंदी आली आणि ती १९४९ पर्यंत टिकली. मूठभर ओतारी कामगारांनी एक घड्याळ चौतीस वर्षे खिशात ठेवावयास लावले!

आपल्याकडेही हा वारा आला. मुंबईच्या गिरण्यांत विणकराने दोनांऐवजी तीन माग पाहावेत, साचेखात्यातल्या कामगाराने एका साइडऐवजी दोन साइडी सांभाळाव्यात, अशी पद्धत मालक आणू लागले, आणि १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपामागे जी कारणे होती त्यांत हे एक मोठे कारण होते. तेथे पावले कोणी मोजली नव्हती. पण दोन साइडी म्हणजे पायांची वणवण वाढली, हे समजण्यास यंत्र कशाला पाहिजे?

येथवर आमची वकिली एकतर्फी झाली, हे आम्हांला कळते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना आम्हांला आनंद होतो. कारण तीही कामगारांच्याच पायांतून निघाली आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धानंतर वाहतूक कामगारांच्या हृदयविकाराची पाहणी केली. पस्तीस ते चौसष्ट वयाचे सुमारे ३१ हजार पुरुष. दुमजली बसचा ड्रायव्हर पाळीचा बहुतेक वेळ बसलेला. कंडक्टर तीच बस, तेच रस्ते, तीच वस्ती, पण दिवसभर जिना चढणारा, पाळीला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, आणि झाला तर उशिरा व सौम्य. व्यायामाचे आजचे सारे शास्त्र ज्या पायावर उभे आहे तो पाया हा. मॉरिस सचोटीचे खरे. त्यांनी पुढे गणवेशांच्या विजारींची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हरांची कंबर पहिल्यापासूनच जाड असल्याचे आढळले, आणि सगळे श्रेय जिन्याला देता येत नाही हे त्यांनीच १९५६ मध्ये छापून टाकले. स्वतः नव्याण्णव वर्षे जगले. आमच्या मुंबईतही १९३७ पासून बेस्टच्या दुमजली बस धावत होत्या. त्या जुन्या गाड्यांतली शेवटची सप्टेंबर २०२३ मध्ये निघून गेली. तिच्या जिन्यावर चढउतार केलेल्या कंडक्टरांच्या पायऱ्या मात्र कोणी मोजून ठेवलेल्या आमच्या वाचनात नाहीत.

‘दिवसाला दहा हजार पावले’ हा मंत्र आता घरोघर झाला आहे. तो वैद्यकाच्या ग्रंथातून आलेला नाही. टोकियोच्या ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानच्या यामासा नावाच्या घड्याळ कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र बाजारात आणले आणि त्याला ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक, असे नाव दिले. आकडा गोल होता, तोंडात बसला. २०१९ साली अमेरिकेत सुमारे १७ हजार वृद्ध स्त्रियांच्या पाहणीत असे दिसले की २७०० पावलांऐवजी ४४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण पुष्कळ कमी, आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी फरक जवळजवळ नाही. आमच्या कन्येने हे वाचून दाखविले त्या दिवशी आम्ही पट्ट्यातले उद्दिष्ट खाली आणले.

यंत्राच्या पोटात काय असते, तेही थोडक्यात सांगतो. सिलिकॉनचे केसाएवढे वजन बारीक स्प्रिंगांवर टांगलेले असते. हात हलला की ते हलते, विजेत सूक्ष्म बदल होतो, आणि ठरावीक तालाचा हेलकावा दिसला की यंत्र म्हणते, पाऊल पडले. म्हणजे मनगटावरचे यंत्र पाय पाहतच नाही, ते हात पाहते. २००९ साली फिटबिट कंपनीची कपड्याला अडकविण्याची चिमटी आली, मग मनगटी पट्टे आले, २०१३ च्या सुमारास धावण्याची ढब सांगणारी घड्याळे आली.

आणि लगोलग मालक आले. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात शिक्षकांच्या आरोग्यविम्याला एक योजना जोडण्यात आली. चालण्याबोलण्याचे गुण फोनवरच्या यंत्रणेत जमा करा, नाही तर महिन्याला २५ डॉलर जादा भरा. ओरड झाली तेव्हा ती सक्ती मागे घेतली, पण पगाराचा व विम्याचा राग उरलाच होता; फेब्रुवारी २०१८ मध्ये ५५ही जिल्ह्यांतील शाळा बंद पडल्या आणि शिक्षक ५ टक्के वाढ घेऊनच परतले. आपल्याकडे नागपूर, चंदीगड, पंचकुला अशा शहरांत सफाई कामगारांच्या मनगटांवर ठावठिकाणा सांगणारी घड्याळे बांधली गेली. चंदीगड-पंचकुलात २०२० साली त्याविरुद्ध निदर्शनेही झाली.

अशीच घड्याळे गेल्या वर्षी एका नगरपालिकेच्या ठेकेदाराने वाटली. नाव सांगत नाही, बोलणी चालू आहेत. एक बाई कचेरीत आल्या. त्या ढकलगाडीवर काम करतात. त्यांची पावले कमी भरली म्हणून तीन दिवस अर्धा अर्धा रोज कापला होता. त्या म्हणाल्या, “भाऊ, गाडी काय आपोआप चालली?” आम्हांला सिलिकॉनचे वजन आठवले. गाडीची मूठ दोन्ही हातांनी धरली की मनगट हलणार कसे? आणि मनगट हलले नाही, तर पाऊल पडले कसे?

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही त्यांच्या गाडीमागून निघालो. आईची तुळशीची माळ होती, तिचे आठ मणी सुताने बांधून शंभर ठेवले होते. त्यांच्या मनगटावर ठेकेदाराचे घड्याळ, आमच्या बोटांत माळ. त्यांच्या पावलामागे पाऊल, शंभराला एक मणी. मधे एका कुत्र्याने गोंधळ घातला, तेवढी शंभरी आम्ही सोडून दिली. गाडी रिकामी झाली तेव्हा माळ ३१०० म्हणत होती आणि घड्याळ १९०० च्याही आत होते.

बैठकीत आम्ही माळ टेबलावर ठेवली. अधिकारी साहेबांनी ती हातात घेतली आणि विचारले, “शंभरच कशावरून?” आम्ही म्हटले, मोजून पाहा. त्यांनी मोजली. तीन अर्धे रोज बाईंना परत मिळाले. घड्याळातली नोंद कामगाराला रोज पाहता यावी, ही आमची मागणी मात्र त्यांनी वरिष्ठांकडे पाठविली आहे, आणि घड्याळे अजून बांधलेलीच आहेत.