केळकर संग्रहालय, राजा दिनकर
जुन्या नित्योपयोगी वस्तूंसाठी प्रसिद्ध असलेले पुण्याच्या शुक्रवार पेठेतील संग्रहालय. संस्थापक : ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०). वारलेल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी संग्रहालयाला ‘राजा’ हे नाव दिले. वीस हजारांवर वस्तूंचा हा संग्रह त्यांनी पुढे महाराष्ट्र शासनास दिला.

येथे राजवैभवापेक्षा घरगुती वस्तूंना मान आहे. दिवे, दौती, पानदाने, विळ्या, कुलपे, फण्या यांतून अनाम कारागिरांचे कसब दिसते. अडकित्त्याला धारदार पाते आणि भक्कम खिळा पुरेसा असतो; तरी घडवणाऱ्याने त्याच्या दांड्यांना पोपट, घोडेस्वार किंवा स्त्रीपुरुषांचे रूप दिले. पाय घासण्याच्या धातूच्या वज्रीचा तळ खरखरीत, तर वरची मूठ मोर-पक्ष्यांनी नटलेली असते. उपयोगात कोठेही उणे न आणता साधलेले हे सौंदर्य लोककलेचे अस्सल धन होय.

कोथरूड येथे पहिल्या बाजीरावाने मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेष संग्रहालयात आणून मस्तानी महाल हे दालन उभारले आहे. महालाची मूळ जागा आज कर्वे रस्त्यावरील मृत्युंजयेश्वर मंदिराच्या परिसरात दाखवली जाते.