थांब ना बे!

कोनामीचा ‘काँट्रा’ १९८७ साली आर्केडवर आला आणि १९८८ मध्ये घरच्या टीव्हीवर. भंडाऱ्यात आमच्या पिढीच्या हाती तो लागला नकली कन्सोलच्या कॅसेटमधून, पंधरा-वीस वर्षं उशिरा. एक गोळी लागली की खेळ खल्लास, आणि जीव तीनच. वर-वर-खाली-खालीची युक्ती जमली तर तीस! (ती मुळात १९८६ च्या ‘ग्रेडियस’साठी काझुहिसा हाशिमोतोनं केलेली.)

सगळ्यांना आठवतात ते तीस जीव. मला मात्र धबधबा आठवतो. जोडीदार घाईनं वर चढला की स्क्रीन सरकायची आणि खाली राहिलेला फुकट मरायचा, शत्रूनं हातही न लावता. म्हणून बंदुकीपेक्षा ओरडणंच जास्त. त्यात गेम सेव्ह होत नसे. लोडशेडिंगमध्ये लाइन गेली की पुन्हा पहिल्या जंगलापासून, त्याच जोडीदाराबरोबर.