उमऱ्याला निघताय? लाउंजचं आधी विचारून घ्या

नवी मुंबई : तळोजा, पनवेल, नेरूळकडून उमऱ्याला निघणाऱ्या घरांत बॅगा भरताना एक प्रश्न हमखास येतो, "आपल्या कार्डावर लाउंज फ्री आहे ना?" कुणीतरी "हो, आहे" म्हणतं आणि विषय तिथेच संपतो. खरं तर तो तिथून सुरू व्हायला हवा.

लाउंज म्हणजे सिक्युरिटी चेकच्या पुढचा, बसण्या-खाण्याची सोय असलेला वेगळा हॉल. सोफे, चहा-नाश्ता, बुफे, स्वच्छ बाथरूम, काही ठिकाणी शॉवर. १९३९ साली अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळावर खास पाहुण्यांसाठी असं पहिलं दालन उघडलं. आज बँकेच्या कार्डावर आपल्यासारखी माणसंही आत जातात. मात्र आपले पैसे बँक किंवा कार्ड कंपनी भरत असते, म्हणून अटीही त्यांच्याच.

सगळ्यात जास्त गफलत होते ती डोमेस्टिक आणि इंटरनॅशनल यात. साध्या डेबिट कार्डावरची सवलत बहुधा डोमेस्टिक लाउंजपुरती, तीही तिमाहीत एखाद्या वेळेची असते. जेद्दाहचं विमान सहारच्या टी-टू वरून असेल तर इमिग्रेशननंतर लागणारं लाउंज इंटरनॅशनल, तिथे हे कार्ड चालत नाही. अम्मींना घेऊन गेलो तेव्हा आम्ही नेमकं हेच केलं. काउंटरवर कार्ड दिलं, नकार आला, आणि तिघांचे रोख पैसे भरणं जमण्यासारखं नव्हतं. गुडघे धरून अम्मी गेटपाशी खुर्चीवर बसल्या. चूक आमचीच, बँकेला एक फोन केला नव्हता.

नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून डोमेस्टिक उड्डाणांनी सुरू झाला. त्यामुळे तिकिटावर बीओएम आहे की एनएमआय, हे आधी बघा. पहिलं सहारला, दुसरं उलव्याला. दिल्ली किंवा हैदराबादमार्गे जाणार असाल आणि पहिला टप्पा डोमेस्टिक असेल, तर त्या टप्प्यात तुमचं डोमेस्टिक कार्ड कामी येऊ शकतं.

अटी बदलतही राहतात. आयसीआयसीआय बँकेने एप्रिल २०२४ पासून बऱ्याच क्रेडिट कार्डांवर मागच्या तिमाहीत ३५,००० रुपये खर्चाची अट घातली, नोव्हेंबरात तीच ७५,००० झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये ड्रीमफोक्स या कंपनीने देशातली लाउंज सेवाच बंद केली. म्हणजे गेल्या वर्षी चाललेलं कार्ड यंदा चालेलच असं नाही. शिवाय एका कार्डावर बहुधा एकच माणूस, बाकीच्यांचे पैसे वेगळे. आणि फक्त लाउंजसाठी क्रेडिट कार्ड घेणार असाल तर थांबा. बिल एकदा थकलं की व्याज सुरू, आणि सुदाबद्दल आपल्या घरात मी काय सांगावं!

खाण्याचं म्हणाल तर बुफेतलं मांस हलाल आहे का, हे बिनधास्त विचारा. खात्री नसेल तर डाळ-भात, फळं घ्या. काही लाउंजमध्ये दारूचा बारही असतो, ज्यांना ते नको त्यांनी दूरची जागा बघावी. विमानातल्या जेवणासाठी मुस्लिम मील म्हणजे एमओएमएल, हे किमान २४ तास आधी एअरलाइनला सांगून ठेवा.

वुजू आणि नमाजसाठी मात्र लाउंजची गरज नाही. मोठ्या विमानतळांवर प्रार्थना-कक्ष असतो, तो सगळ्यांना मोफत. म्हाताऱ्या माणसांसाठी व्हीलचेअर ४८ तास आधी एअरलाइनकडे नोंदवा, लाउंजपेक्षा ती जास्त उपयोगी पडते. एहरामचे कपडे घरून किंवा एअरपोर्टवर घालता येतात. नीयत मात्र मीकात जवळ आल्यावर करणारे बरेच जण आहेत, कारण विमान लेट झालं तर एहरामच्या पाबंदीत तासन्‌तास अडकावं लागत नाही. हे आपल्या आलिमांना विचारून ठरवा.

लाउंज मिळालंच तर घड्याळाकडे लक्ष ठेवा. वेळ साधारण दोन-तीन तासांचीच असते, बोर्डिंगची घोषणा आत ऐकू येईलच असं नाही, आणि टी-टू चे काही गेट इतके लांब आहेत की अम्मी-अब्बांना घेऊन चालायला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात.