चढाची शर्यत: जासूदांच्या वाटेवरून अर्धमॅरेथॉनकडे

विषय ऐकून काहींना प्रश्न पडला असेल की इतिहासाच्या व्याख्यानात धावण्याचं काय काम? आणि भंडाऱ्यासारख्या धानाच्या, तलावांच्या जिल्ह्यात बसून डोंगरातल्या शर्यतीवर बोलायचं कशाला? उत्तर शेवटी आपोआप मिळेल. आधी आपण साताऱ्याला जाऊ.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 साली सुरू झाली. अर्धमॅरेथॉन म्हणजे 21 किलोमीटर आणि वर साधारण 97 मीटर. साताऱ्याची शर्यत गावातून निघते, समर्थ मंदिराचा भाग मागे टाकते आणि यवतेश्वरच्या घाटाला लागते. जाताना बहुतेक चढ, वळून येताना बहुतेक उतार. दिवस पावसाळ्याच्या शेवटाचे, त्यामुळे धुकं, ओला रस्ता, बाजूला हिरवे डोंगर. हाच रस्ता पुढे कासच्या पठाराकडे जातो. 2015 साली या शर्यतीत 2,618 जण धावले आणि डोंगरी शर्यतीतल्या सर्वाधिक सहभागाचा विक्रम गिनीज बुकात नोंदला गेला.

ज्यांनी घाट धावून पाहिलाय त्यांना ठाऊक आहे, चढात दम जातो पण मांड्या मोडतात उतारावर. उतरताना दर पावलाला अंगाचा भार मांडीचे स्नायू ताणल्या अवस्थेत झेलतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जे कळतं ते त्याचंच. म्हणून चढात जो स्वतःला आवरतो, तोच शेवटचे चार किलोमीटर नीट धावतो.

आता प्रश्न असा की घाटातून पळत जाणं ही गोष्ट महाराष्ट्राला 2012 मध्ये नवी होती का?

मराठेशाहीच्या कागदपत्रांत जासूद आणि कासीद हे शब्द पदोपदी भेटतात. पत्र घेऊन पायी पळत जाणारी ही माणसं. पुष्कळदा त्यांना जोडीनं धाडत, म्हणून जुन्या पत्रांत ‘जासूदजोडी’ येते. एकाला वाटेत काही झालं तरी दुसऱ्यानं पोचावं, हा त्यातला उघड फायदा. शाहू महाराजांची राजधानी सातारा. आपला हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. नागपूर आणि सातारा यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, तो नद्या आणि घाट पायांखाली घालूनच झाला. ते कागद दफ्तरांत जपले गेले, त्यावर ग्रंथ झाले. कागद पोचवणाऱ्यांची नावं मात्र क्वचितच सापडतात. पुढे इंग्रजी अमलात हेच काम डाक-हरकाऱ्याकडे आलं. खांद्यावर थैली, हातात घुंगरांची काठी, ठरलेल्या टप्प्यापर्यंत धाव, तिथे पुढचा गडी तयार. टपाल खात्यात ‘रनर’ हे पद विसाव्या शतकातही होतं.

म्हणजे लोक धावत होतेच. पण त्यांना धावपटू कुणी म्हणत नव्हतं. ते गरजेचं धावणं होतं, पोटाचं धावणं. आमच्या मते या विषयाचा खरा इतिहास इथे आहे: धावणाऱ्याला धावपटू म्हणून कोण ओळखतं, आणि केव्हा?

ग्रीसमध्ये पाहा. 1896 साली अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिंपिक झालं. मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंतची सुमारे 40 किलोमीटरची ती शर्यत खेड्यापाड्यांतून, मधल्या चढावरून गेली. जिंकला स्पिरिडॉन लुईस. मारूसी गावचा हा तरुण पाणी वाहून नेण्याचं काम करायचा. जगातली पहिली गाजलेली मॅरेथॉन ग्रामीण होती, चढाची होती आणि कष्टकऱ्यानं जिंकलेली होती, हे आपण विसरतो.

आपल्याकडे ही ओळख पटली पुण्यात. डेक्कन जिमखाना 1906 साली स्थापन झाला. सर दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष असताना तिथल्या मैदानी शर्यतींत शेतकरी घरांतली पोरं उतरली. साधं खाणं, शिकवणारा कुणी नाही, पाय अनवाणी. दोराबजींनी त्यांच्या वेळा पाहिल्या आणि त्यांना नवल वाटलं, कारण त्या युरोपातल्या वेळांच्या पंक्तीला बसण्याजोग्या होत्या. ही आठवण त्यांनी पुढे 1929 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना पत्रातून कळवली. पोरं आदल्या वर्षीही तशीच पळत असणार. फरक पडला तो घड्याळानं, आणि घड्याळाकडे बघणाऱ्या माणसाच्या ऐपतीनं.

त्यातून 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटा संघ गेला. त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन 42.75 किलोमीटरची, म्हणजे आजच्यापेक्षा लांब. 42.195 हे अंतर प्रमाण म्हणून पक्कं झालं ते पुढच्या वर्षी. चौगुल्यांनी 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत शर्यत पुरी केली आणि ते 19 वे आले. फिनलंडच्या हान्नेस कोलेमाइनेननं ती 2 तास 32 मिनिटांत जिंकली होती. आपल्या गावाकडच्या पायांची ही जगाच्या वहीतली पहिली ठळक नोंद.

त्यानंतर मोठ्या शर्यती वाढल्या त्या शहरांत. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 साली, मुंबईची 2004 साली. डांबरी रस्ता, पायात बूट, सकाळचा मोकळा वेळ. धावणं आवडीचं झालं. त्यात वाईट काही नाही. डॉक्टर, शिक्षक, बँकेतल्या बाया आरोग्यासाठी धावू लागल्या हे चांगलंच झालं. साताऱ्याची शर्यत म्हणजे हे आवडीचं धावणं पुन्हा घाटात आलं.

आणि त्याच सातारा जिल्ह्यात दुष्काळी माण तालुका आहे. तिथल्या मोही गावची ललिता बाबर. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत ती पोचली, दहावी आली. पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी भारतीय बाई ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत धावत होती. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेत पायी, पळत जायचा. पुढे लष्करात गेला, तिथे धावू लागला. 2020 साली दिल्लीला त्यानं अर्धमॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत पुरी केली. तो तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम होता. लष्करानं हातात घड्याळ दिलं नसतं तर हा पोरगाही नाव नसलेला जासूदच राहिला असता.

आता आपल्याकडे या. पहाटे पाचला साकोलीच्या, तुमसरच्या बाहेर रस्त्यावर कोण पळतं? भरतीची पोरं-पोरी. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. वनरक्षकाला मुलांना 5 किलोमीटर, मुलींना 3. अंधारात, ट्रकच्या उजेडात, हायवेच्या कडेनं. हे आजचं पोटाचं धावणं. त्यात निवड होते थोड्यांची. वय उलटलं की बाकीच्यांचे बूट खुंटीला लागतात, आणि इतकी वर्षं धावूनही आपण धावपटू आहोत असं त्यांना कधी वाटत नाही. त्यांना तसं कुणी सांगितलेलंच नसतं.

आपला जिल्हा सपाट म्हणतात, पण तुमसरकडे आंबागड आहे, गायमुखाच्या टेकड्या आहेत, महाशिवरात्रीला तिथे लोक पायी जातातच. उद्या कुणी तिथे डोंगराची अर्धमॅरेथॉन भरवलीच, तर आमचं म्हणणं एवढंच. गावातल्या पोरांना फक्त पाण्याच्या टेबलावर उभं करू नका. त्यांना नंबर द्या, फी माफ करा. त्यांची वेळ घ्या आणि ती नावासकट लिहून ठेवा. मुलींसाठी घरच्यांना पटेल अशी येण्याजाण्याची सोय करा. आणि दूधवाल्याचा, शाळेचा रस्ता अडवू नका, कारण ती वाट आधी त्यांची आहे.

दोराबजींनी शंभर वर्षांपूर्वी काही फार मोठं केलं नव्हतं. त्यांनी अनवाणी पोरांची वेळ पाहिली आणि ती दुसऱ्यांना सांगितली. तेवढं आपल्यालाही जमेल. थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.