दप्तरातले अक्षर

मराठीत ‘दप्तर’ हा शब्द तीन ठिकाणी नांदतो. सरकारी कागदांचा साठा म्हणजे दप्तर, तो साठा सांभाळणारी कचेरी म्हणजेही दप्तर, आणि शाळेला निघालेल्या मुलाच्या पाठीवरची पिशवी म्हणजेही दप्तरच. फारसीतून आलेला हा शब्द दरबारातून शाळेच्या पायरीपर्यंत उतरला, पण त्यातली मूळ कल्पना सुटली नाही. लिहिलेले, लिहायचे आणि लिहिण्याचे साधन एका आवरणात बांधून ठेवायचे व गरज पडली की उचलून न्यायचे, अशी ती कल्पना. जुने कागद कापडाच्या चौकोनात बांधत, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणत, आणि पुराभिलेखागारात जुन्या दप्तरांची मोजदाद रुमालांतच होते. आज टॅब्लेट विकत घेणारा माणूस सोबत कीबोर्ड असलेले कव्हर शोधतो तेव्हा तोही दप्तरच बांधत असतो. टॅब्लेट ही हातात मावणारी, पुसून पुन्हा लिहिता येणारी पाटी. कव्हर उघडले की ते मेज होते, मिटले की रुमाल. ही निवड वजन, रंग, चार्जिंग आणि किमतीची आहे असे दुकानात वाटते. कोल्हापूरच्या लेखनव्यवहाराचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. वाहून नेता येणाऱ्या प्रत्येक लेखनसाधनाने अक्षराला आपल्या मापात बसवले आहे, आणि ते माप बहुतेक वेळा लिहिणाऱ्याला न विचारता ठरले आहे. म्हणून कव्हर पाहण्याआधी त्याच्या आतले अक्षर पाहिले पाहिजे.

करवीर म्हणजेच कोल्हापूर संस्थानाचा कारभार १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाला. त्याआधी दोन शतकांहून अधिक काळ या दरबाराने आणि विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी यांसारख्या जहागिरींनी कागद लिहिले. त्यांतला फार मोठा भाग मोडीत आहे. कारकुनाचे साहित्य थोडके असे: बोरू, दौत, शाई टिपायला वाळू, समोर बुटके मेज. मोडी या साहित्यासाठीच घडलेली लिपी होती. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरे लोंबत ठेवत, बोरू शक्य तितका कमी उचलत पुढे जायचे. वेग मिळाला, पण फुकट मिळाला नाही. मोडीत ह्रस्व आणि दीर्घ वेलांटीचा, उकाराचा भेद सहसा पाळला जात नाही, आणि शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसते. आज मोडी वाचायला शिकणाऱ्याला जे अडते त्याचे मूळ पुष्कळ अंशी इथे आहे. यंत्राने अक्षर बिघडवले आणि हाताने ते जपले, असा सोपा हिशेब त्यामुळे मांडता येत नाही. बोरूनेही अक्षर छाटले होते. फरक एवढाच की ती छाटणी लिहिणाऱ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी, स्वतःच्या हाताने केली होती.

छापखान्यात हा अधिकार दुसऱ्याकडे गेला. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला निघाले ते देवनागरी टाइपात, आणि १८१० मधला त्याचा मराठी शब्दकोश मोडी टाइपात. म्हणजे मोडीचे खिळे ओतता येत नव्हते, हे म्हणणे खरे नाही. ते ओतले गेले आणि त्यांनी कोश छापला गेला. तरी पुढे शाळेची पुस्तके, मोल्सवर्थचा १८३१ चा कोश आणि वर्तमानपत्रे बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, निघाली, आणि मोडी मुख्यतः हस्तलिखित कारभारापुरती उरली. इथे एक आक्षेप येतो व तो रास्त आहे: मोडी साधनामुळे नव्हे, तर एका प्रांताला एक लिपी हवी या राज्यकारभाराच्या निर्णयामुळे मागे पडली. मला तो मान्य आहे, पण त्याने माझे म्हणणे दुबळे होत नाही. लिपीला साधन मारत नाही, साधन कोणत्या लिपीसाठी घडवायचे हे ठरवणारा मारतो. शक्यता असूनही मोडीचे खिळे पुढे फारसे कोणी वाढवले नाहीत. कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या मोडी लिहिणाऱ्या कारकुनांना त्या निर्णयात जागा नव्हती, आणि त्यांच्या नातवंडांना आजोबांचे खरेदीखत वाचायला मोडी जाणणारा माणूस शोधावा लागतो.

छापखान्यात खिळ्यांचे खण असलेल्या लाकडी पेटीला ‘केस’ म्हणत. देवनागरीची केस मोठी असे, कारण मात्रा, रफार, जोडाक्षरे धरता खिळ्यांचे प्रकार काहीशेंवर जात. जुळारी उभ्याने हात पसरून ती वापरू शके, पण ती काखेत मारून गावोगाव नेता येत नसे. टंकयंत्राने नेमके तेच साधायचे ठरवले आणि देवनागरीचे माप घट्ट आवळले गेले. रेमिंग्टन कंपनीने १८७० च्या दशकात बाजारात आणलेले यंत्र रोमन लिपीसाठी होते. सुटकेससारखे झाकण असलेल्या पेटीतली ‘पोर्टेबल’ यंत्रे पुढे आली. आजच्या कीबोर्ड-कव्हरचे खरे पूर्वज तेच. १९१२ चे ‘कोरोना ३’ हे घडी घालता येणारे यंत्र अवघ्या २८ कळांचे होते, पण दोन शिफ्ट वापरून ८४ चिन्हे उमटवी. इंग्रजीला ही चैन होती. काहीशे खिळ्यांच्या देवनागरीला नव्वदेक चिन्हांत बसायचे म्हणजे हातपाय आखडूनच बसणे आले. मग युक्त्या निघाल्या. अर्धे अक्षर टंकायचे आणि काना जोडून ते पूर्ण करायचे. उकार आणि अनुस्वारासाठी कॅरेज पुढे न सरकवणाऱ्या कळा ठेवायच्या. पहिली वेलांटी अक्षराआधी मारायची, कारण कागदावर ती आधी दिसते, उच्चारात नंतर येत असली तरी. यंत्राला बसेना म्हणून लिपीच बदलावी, असेही प्रयत्न झाले. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी पुरस्कारलेली ‘अ’ची बाराखडी त्यांपैकी एक. १९५३ च्या लखनौ परिषदेने पहिली वेलांटी उजवीकडे नेण्याचा निर्णय घेतला, तो दुसरा. लोकांच्या डोळ्यांना तो रुचला नाही आणि काही वर्षांतच मागे घ्यावा लागला. वाचणाऱ्याची सवय यंत्राच्या सोयीपुढे टिकली, अशा मोजक्या प्रसंगांत त्याची गणना करायला हवी.

महाराष्ट्रात १९६४ चा राजभाषा अधिनियम आला आणि मराठी टंकलेखन ही नोकरीची किल्ली झाली. कोल्हापुरासारख्या जिल्ह्याच्या गावी टायपिंगचे क्लास म्हणजे कचेरीच्या नोकरीची पहिली पायरी. मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द अशी सरकारी परीक्षेची प्रमाणपत्रे लग्नाच्या बायोडेटातही लिहिली जात. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकयंत्र आणले, आणि त्यांचे टंकयंत्रांचे उत्पादन २००९ पर्यंत पुणे–कोल्हापूर रस्त्यावरच्या शिरवळच्या कारखान्यात सुरू होते. यंत्रे गेली तरी त्यांनी घडवलेली बोटे राहिली, म्हणून संगणकावर आजही ‘रेमिंग्टन’ नावाची मांडणी मिळते. अनेक अनुभवी टंकलेखक तिच्यावरच काम करतात, आणि त्यांना हसण्याचे काही कारण नाही. वीस वर्षांची सवय ही कारागिरीच असते.

संगणकाने मात्र एक कोंडी खरोखर फोडली. १९८० च्या दशकात ठरलेली आणि १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेली इन्स्क्रिप्ट ही मांडणी लिपीच्या दिसण्यावर नव्हे, उच्चारावर उभी आहे. पुण्याच्या सी-डॅकने ती कचेऱ्यांपर्यंत नेली. तिच्यात आधी व्यंजन आणि मग वेलांटी, आधी र आणि हलन्त, मग पुढचे अक्षर. रफार कुठे बसवायचा ते संगणक पाहतो. भारतीय लिप्यांना जागाही सामायिक आहेत. मराठी क जिथे आहे तिथेच कन्नड क आहे. निपाणी, बेळगावशी रोजचा व्यवहार असलेल्या कोल्हापूरला ही गोष्ट लहान नाही. कीबोर्डच्या इतिहासात प्रथमच मांडणी आपल्या लिपीच्या तर्काने झाली. फक्त ती ज्या कळांवर बसवली, त्या कळा इंग्रजी यंत्राच्याच राहिल्या, आणि टॅब्लेटच्या कव्हरपाशी नेमके हेच आड येते.

हिशेब साधा आहे. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर एका कळेच्या मध्यापासून पुढच्या कळेच्या मध्यापर्यंत सुमारे १९ मिलिमीटर अंतर असते, आणि अक्षरांची वरची ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा कळांच्या रुंदीची असते. म्हणजे २८५ मिलिमीटर. दहा-अकरा इंची टॅब्लेटची लांब बाजू २४० ते २५० मिलिमीटरची. चारेक सेंटिमीटर कुठून तरी कापावेच लागतात. आठ इंचीत तर त्याहून पुष्कळ जास्त. कारखानदार कापतो ते उजव्या कडेचे. इंग्रजीत तिथे कंस, अर्धविराम, अवतरण, तिरप्या रेघा आहेत, म्हणून त्या कळा तो निम्म्या करतो, खाली सरकवतो किंवा ‘एफएन’ दाबल्याशिवाय न मिळणाऱ्या करून टाकतो. इंग्रजी लिहिणाऱ्याचे यात फारसे बिघडत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये मात्र अर्धविरामाच्या कळेवर च आणि छ आहेत, अवतरणाच्या कळेवर ट आणि ठ, चौकटी कंसावर ड आणि ढ, तिरप्या रेघेवर य, उलट्या तिरप्या रेघेवर ॉ आणि ऑ. मराठीचे चा, ची, चे, च्या हे प्रत्यय डोळ्यांसमोर आणा. च्याशिवाय मराठी परिच्छेद क्वचितच पुरा होतो, आणि ‘च्या’मध्ये च आणि य दोन्ही या छाटलेल्या कडेवर आहेत. ‘डॉक्टर’ या एका शब्दाला कडेच्या तीन कळा लागतात. इंग्रजीची विरामचिन्हे कापताना मराठीची षष्ठी विभक्ती कापली जाते, आणि कारखानदाराला त्याची कल्पनाही नसते. टॅब्लेटला कीबोर्ड जोडण्याची कल्पना २०१० च्या आयपॅडबरोबर आलेल्या डॉकपासून २०१२ च्या सरफेसच्या कव्हरपर्यंत आणि पुढे आजवर रुळत आली. या सगळ्या काळात कव्हर पातळ व्हायची चढाओढ झाली. कडेची अक्षरे कोणाची, हा प्रश्न तिच्यात नव्हता.

आवरणाच्या बाबतीत कोल्हापूरला शिकवण्यासारखे कोणाकडे फार काही नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची इथली परंपरा जुनी आहे, आणि २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. चपलेच्या दुकानात कापशी, पायताण, बक्कलनाळी यांतून निवड करणारे गिऱ्हाईक पाय घालून, चार पावले टाकून पाहते. अंगठा कुठे दाबतो ते सांगते. कारागीर पट्टा सैल करून देतो. कीबोर्डचे कव्हर घेताना तेच गिऱ्हाईक चामड्यावरून हात फिरवते, चुंबकाची पकड पाहते आणि बिल देते. बोटे घालून पाहत नाही.

यावर कोणी म्हणेल की हा प्रश्नच आता संपला. रोमन अक्षरांत लिहिले की मराठी उमटते, बोलले तरी उमटते. दोन्ही सोयी मोठ्या आहेत आणि ज्यांना कधी मराठी टंकता आली नसती त्यांना त्यांनी लिहिते केले. पण रोमनमधून लिहिताना ल की ळ, न की ण, श की ष हे वारंवार पडद्यावरच्या सूचनांतून बोटाने निवडावे लागते. हात कळांवरून उचलून पडद्यावर न्यायचा असेल तर कीबोर्ड घेतला कशासाठी? बोलून लिहिणे घरात चालते. वाचनालयात, न्यायालयात, एसटीत चालत नाही. दुसरा आक्षेप असा की मग लॅपटॉप घ्यावा. ज्याला परवडतो त्याने जरूर घ्यावा. पण राज्य सरकारची महाज्योतीसारखी संस्था प्रवेश परीक्षांच्या विद्यार्थ्यांना टॅब्लेट देते, लॅपटॉप नव्हे. त्या विद्यार्थ्याला टॅब्लेटवर लिहिणे जमवायचे असेल तर पदरचे पैसे कव्हरवरच पडतात. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सहा जिल्ह्यांचे वकील इथे येऊ लागले. खालच्या न्यायालयांतले मराठी कागद आणि वरचा इंग्रजी युक्तिवाद यांच्यात दिवसभर ये-जा करणाऱ्याला दोन्ही लिप्या एकाच पातळ कव्हरवर हव्या असतात. तिसरा आक्षेप, देवनागरीची बाजारपेठ लहान, हा तर आकड्यांपुढे टिकत नाही. कोट्यवधी लोक ती लिहितात. नुसती छापील अक्षरे हवी असतील तर कळांवर चिकटवायचे स्टिकर मिळतात. रुंदी मात्र स्टिकरने वाढत नाही.

म्हणून दुकानात पाहायचा क्रम उलटा करावा. आधी आपल्या टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या कीबोर्डसाठी मराठीची मांडणी आहे का, ती इन्स्क्रिप्ट आहे की रेमिंग्टन, आणि हिंदीसाठीची मांडणी मराठी म्हणून गळ्यात तर बांधली जात नाही ना, हे पाहावे. मग कव्हर जोडून उभ्याने चार शब्द टंकावेत. ‘डॉक्टरच्या’ लिहिताना करंगळी पाच वेळा कडेला जाईल. एकदाही ‘एफएन’ लागले तर ते कव्हर परत ठेवावे. ‘पन्हाळा’ लिहिताना ळ शिफ्टसकट सहज यायला हवा. आणि ‘कऱ्हाड’ लिहिताना ऱ आणि ह यांच्यामध्ये हलन्ताचा पाय मोडलेला न दिसता तो मराठी वळणाचा अर्धा र नीट उमटायला हवा. एवढे जमले की चामडे पाहावे, रंग पाहावा, किमतीची घासाघीस करावी.