काकांची मॉरिस

बुधवार पेठेतल्या आमच्या वाड्यात एका काकांची कापडी टपाची मॉरिस मायनर होती. ॲलेक इसिगोनिस यांनी बेतलेली ही गाडी १९४८ साली इंग्लंडात आली. नमुना अरुंद वाटला म्हणून त्यांनी तो मधोमध कापून चार इंच रुंद केला होता!

किल्ली फिरवली की तिचा विजेवरचा पेट्रोलपंप टिकटिक करी. तो गप्प राहिला की काका पान्याने हलकेच ठोकत. आतले चिकटलेले पॉइंट सुटत. नाहीच जमलं तर ते घासून घ्यायचे. भिजलेला टप मात्र वाळल्याशिवाय कधी दुमडत नसत.

"आधी ऐक, मग हत्यार उचल," ते म्हणत. शिक्षक झाल्यावर गप्प बसणाऱ्या मुलांवर मी मात्र आधी ओरडलो. आता वाडा नाही, गाडीही नाही. त्या मुलांची माफी मागायची राहून गेली.